माशी पुढे सरकली

मंडळी, मागच्या अंकात बागेतल्या शेडचे पुराण लावले होते. या खेपेला विषय बंदुकीचा आहे. घाबरू नका, दारूगोळा नाही, नुसती दाबलेली हवा.

आमच्या कन्येला तेराव्या वर्षी एअर रायफलचे वेड लागले. आता ती सोळाची आहे. पुण्याहून आजीने फोनवर विचारले, "मुलीच्या जातीला बंदूक कशाला गं?" आम्ही अंजली भागवतांचे नाव पुढे केले. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी सरे परगण्यातल्या बिस्ले इथे झाली आणि तिथे त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. आजी गप्प बसली, पण पटले असे काही म्हणाली नाही. पुढे १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवले, तेव्हा मात्र तिनेच फोन केला, "पोरीला म्हणावं, बघ!"

रायफल आमच्या नावावर आहे. इंग्लंडमध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही (स्कॉटलंडात २०१६ च्या अखेरीपासून लागतो), पण १८ वर्षांखाली ती विकत घेता येत नाही. घरातल्या मुलांच्या हाती ती भलतीच पडू नये याची काळजी घेणे मोठ्यांवर २०११ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणून ती कुलपात, आणि किल्ली आमच्या खिशात.

तर, तिला बॅरलच्या तोंडावर बसणारी एक जादा नळी हवी होती. नेम धरायची माशी त्या नळीच्या पुढच्या टोकावर बसते. फायदा साध्या भूमितीचा आहे. डोळ्याजवळच्या छिद्रापासून माशी ७०० मिलिमीटरवर असेल आणि ती केसभर, म्हणजे ०.१ मिलिमीटर चुकली, तर १० मीटरवर छर्रा १.४३ मिलिमीटर सरकतो. तेच अंतर ८०० केले तर १.२५. फार नाही, म्हणाल. पण त्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एकेका वर्तुळाची रुंदी अडीच मिलिमीटर!

"क्लबात बसवून देतील, बाबा," ती म्हणाली. आम्ही इथले मास्टर्स झालेले मेकॅनिकल इंजिनिअर. दोन स्क्रूंसाठी क्लब? छर्रा नाही ना ते पाहिले, हवेचे नळकांडे काढून ठेवले, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा मिनिटांत नळी बसवली. सौ.ने पोळ्या लाटता लाटता विचारले, "नीट बसली ना?" आम्ही नुसते हसलो.

पुढचे तीन आठवडे पोरीचे गुण घसरत गेले. कधी नऊ, कधी सहा, त्याला काही ताळमेळ नाही. मिल्टन कीन्सची सगळी गोल चक्करे पार करत घरी येताना गाडीत आमचे प्रवचन चाले : मोबाईल, जागरण, लक्ष नाही. ती एवढेच म्हणे, "बाबा, शॉट चांगला सुटला होता." आम्ही ऐकून सोडून देत होतो. चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "मला नाही जायचं."

त्या रात्री तिची वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती. दोन रकाने. डावीकडे घोडा दाबल्या क्षणी तिला वाटलेली जागा, उजवीकडे प्रत्यक्ष लागलेली. नळी बसवण्याआधी दोन्ही रकाने जुळत होते. त्या तारखेनंतर डावीकडे दहा-नऊ, आणि उजवीकडे छर्रे वाटेल तिथे. कारखान्यात असा तक्ता कुणी आणला असता, तर आम्ही कामगाराला बोल न लावता आधी मशीन उघडले असते.

कपाट उघडले. नळीच्या तोंडाशी आतून एका बाजूला शिशाची करडी रेघ! आम्ही एक स्क्रू आधी पुरता आवळला होता आणि मग दुसरा, त्यामुळे नळी किंचित तिरकी बसली होती. छर्रा बाहेर पडताना कडेला घासत होता. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, हे आम्ही शिकाऊ पोरांना सांगत आलो आहोत.

सकाळी तिला ती रेघ दाखवली आणि म्हटले, "चूक माझी होती. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही." तिने रेघेवरून बोट फिरवले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नळीचं ठीक आहे हो बाबा. पण मला पण वाटायला लागलं होतं की मीच खोटं लिहितेय." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

नळी तिने स्वतः बसवली. आम्ही फक्त टॉर्च धरला. पुढच्या शनिवारी गाडीत तिनेच गाणी लावली. गुण अजून पूर्वीसारखे आलेले नाहीत, पण रकाने जुळू लागलेत.

यंदा खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत आमचे पाने-पेचकस मांडले, रायफल मांडली. सौ.ने हळदकुंकू वाहिले, आणि शेजारी ती वहीही ठेवली.