विश्लेषण : आई ‘ए’, वडील ‘बी’, मग मुलाचा रक्तगट ‘ओ’ कसा?

शाळेच्या अर्जासाठी रक्तगट तपासला जातो किंवा रक्तदान शिबिरात कार्ड हाती पडते आणि मुलाचा गट आई-वडिलांशी ‘जुळत नाही’ असे दिसते. घणसोली गावासारख्या, घरटी ओळख असलेल्या वस्तीत अशा शंकेची कुजबुज व्हायला वेळ लागत नाही. ही शंका बहुतेक वेळा निराधार का असते?

रक्तगट कसा ठरतो?
रक्तगटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे ‘मुलात वडिलांचेच रक्त’ हा समज चुकीचा आहे. ‘ए’ आणि ‘बी’ प्रबळ, तर ‘ओ’ त्यांच्यापुढे झाकला जातो. आई-वडील दोघांकडेही ‘ओ’ची प्रत लपलेली असेल, तर अपत्य ‘ए’, ‘बी’, ‘एबी’ किंवा ‘ओ’ असण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते. पहिले मूल ‘ओ’ झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

दोघेही ‘ओ’, पण मूल ‘बी’?
हेही घडू शकते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ शोधला. ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक ‘एच’ या पायावर उभे राहतात. ‘एच’च्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर ‘बी’चे जनुक असूनही ते दिसत नाही. नेहमीच्या चाचणीत अशी व्यक्ती ‘ओ’ ठरते, पण ते जनुक मुलाला देऊ शकते. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. नात्यातल्या लग्नांत दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते.

धोका कोणता?
बॉम्बे गटाच्या व्यक्तीला त्याच गटाचे रक्त लागते. ‘ओ’ रक्तात ‘एच’ भरपूर असल्याने तेही घातक ठरू शकते. म्हणून रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत जुळणी चाचणी होते.

मग करायचे काय?
आधी रक्तपेढीत पुन्हा तपासणी करावी. नोंदीतही चूक असू शकते. विसंगती कायम राहिली तर ‘एच’ची चाचणी करता येते. पितृत्वाचा निर्णय डीएनए चाचणीने होतो. रक्तगटाच्या कार्डावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हे विज्ञानाला धरून नाही.