पुढचा टायर, मागचा टायर

गेल्या महिन्यात मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल लिहिलं होतं. या वेळचा विषय गॅरेजचा आहे. बहिणींनो, ‘हे पुरुषांचं काम’ म्हणून पान उलटू नका. आमच्या घरातली चूक माझ्या होकारानेच झाली होती.

आमची स्प्लेंडर २००४ सालची. ह्यांनी ती हौसेने घेतली, आता मुलगा चालवतो. लालबागहून दादरला क्लासला जातो, कधी मला मागे बसवून डोंगरीला माझ्या माहेरी सोडतो. हिवाळ्यात मागचा टायर बराच घासला होता आणि पुढच्याला बारीक चिरा पडल्या होत्या. दोन नवे टायर घ्यायचे तर महिन्याचं गणित कोलमडत होतं. गॅरेजवाला म्हणाला, “दोन्हीचा नंबर एकच आहे. मागे नवा टाकू, मागचा पुढे लावू. पुढच्या टायरवर काय लोड येतो?” मी लगेच हो म्हटलं. पैसे वाचले म्हणून मनात खूशही झाले.

जूनच्या पहिल्या पावसात भारतमाता सिग्नलजवळ मुलाने ब्रेक लावला. पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचं चाक सरकलं आणि काही कळायच्या आत गाडी आडवी झाली. मागून बस येत नव्हती. अल्हम्दुलिल्लाह, गुडघा आणि कोपर सोलण्यावर निभावलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, “अम्मी, मी जोरात नव्हतो.” तो खरंच जोरात नव्हता.

मग मी हा विषय धड्यासारखा समजून घेतला. जुन्या स्प्लेंडरच्या दोन्ही टायरवर २.७५-१८ असंच लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी पावणेतीन इंच आणि रिम अठरा इंचाची. त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात. पण त्याच्या पुढचे आकडे वाचा. पुढच्यावर ४२ पी, मागच्यावर ४८ पी. हे आकडे टायर किती वजन पेलतो ते सांगतात. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. पी हे अक्षर वेगमर्यादेचं. मागे बसणारा माणूस आणि सामान यांचा भार मुख्यतः मागच्या चाकावर येतो, म्हणून तो टायर जास्त मजबूत बनवतात. ‘नंबर एकच’ म्हणून पुढचा टायर मागे बसवला आणि त्यावर दोघं-तिघं बसलो, तर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं आपण त्याच्यावर टाकतो.

मग मागचा मजबूत टायर पुढे लावला तर काय बिघडलं? तो घासलेला होता, हे पहिलं. दुसरं, दोघांची नक्षी वेगळी असते. पुढच्या टायरवर बहुधा गोलाकार धावणाऱ्या सलग रेषा असतात. त्या चाकाला दिशा धरून ठेवायला आणि वळायला मदत करतात. मागच्यावर तुटक ठोकळे असतात, ते इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवतात. आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, तेव्हा थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाकच करतं. मागचं चाक सरकलं तर सावरायला क्षणभर तरी मिळतो. पुढचं सरकलं की बहुतेक वेळा तोही मिळत नाही.

म्हणून आमच्या घरात आता हे नियम आहेत.

मागचा टायर सहसा लवकर झिजतो. पुढचा चांगला असेल तर फक्त मागचा बदलावा, तोही मागच्यासाठीचाच घ्यावा. घासलेला टायर पुढे सरकवायचा नाही. दोन्ही खराब असतील तर उधारी करून का होईना, दोन्ही बदलावेत. अगदीच एकाचे पैसे असतील तर आधी पुढचा घ्यावा. दुसरा येईपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही, आणि मागचा गुळगुळीत झाला असेल तर गाडी खालीच उभी राहू द्यावी.

पुढे एका कंपनीचा, मागे दुसऱ्या कंपनीचा टायर चालतो. माप, वजनाचा आकडा आणि टायरचा प्रकार मात्र जुळला पाहिजे. एक रेडियल आणि एक साधा अशी जोडी लावू नये. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. काहींवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा, असे दोन असतात. बसवताना उभं राहून बघावं.

मुलांना रुंद टायरची हौस असते. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दाबला जाऊन गोलसर होतो, पकड वाढेलच असं नाही, उलट तो चेनच्या कव्हरला घासू शकतो. तारांच्या रिममध्ये ट्यूब लागतेच, आणि नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी.

दुकानात आणखी एक गोष्ट वाचावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. न वापरता पडून राहिलेला रबरही कडक होतो. ऑपेरा हाउसच्या बाजारात विचारा किंवा नाक्यावरच्या दुकानात, ही तारीख बघूनच पैसे द्या. चोरबाजारातून जुना आरसा आणा, दिवा आणा, टायर नको.

नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो, म्हणून पहिले काही दिवस गाडी सावकाश चालवावी. हवा दर आठवड्याला बघावी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

ऑगस्टच्या पगारात आम्ही पुढचा टायरही नवा घेतला. बिलावर पुरा नंबर लिहून घेतला. मुलाने तो खडूने जिन्याखालच्या भिंतीवरही लिहून ठेवलाय. आज घरातली गाडी खाली उभी असेल तेव्हा मुलाला सोबत घेऊन दोन्ही टायरवरचे आकडे वाचून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.