दवाखान्याचा पैसा कुणाच्या खळ्यावरचा?



सर्वांना उपचार द्यायचे तर पैसा आणायचा कुठून, असे शहाणे लोक विचारतात. जणू आज तो कोणी देतच नाही! २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात सरकारनेच मांडले आहे की, देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले ३९ रुपये रोग्याच्या खिशातून थेट जातात. केंद्र आणि राज्ये मिळून सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा शब्द दिला होता. उरलेला पैसा आपणच भरतो. बैलजोडी विकून, नाहीतर सावकाराच्या ओट्यावर बसून.

आपल्यातले जुने कार्यकर्ते म्हणतील, कापसाला भाव द्या, डॉक्टरचे बिल आम्ही भरू, फुकटाचे नको. आमचाही पिंड तोच. पण कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे आणि साप चावतो श्रावणात, घरात दमडी नसताना. शिवाय आजार काही सातबारा पाहून येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यांच्यात दुसऱ्याच्या रानात रोजाने पंप पाठीवर घेणारेही होते. कापसाला चांगला भाव असता तरी त्या मजुराचे बिल कोण भरणार होते?

सुगीत वर्गणी घ्यावी, ही कल्पना आपल्याच मुलखातली आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला. खळे झाले की घराघरातून ज्वारी गोळा व्हायची. भूमिहीनाची थोडी, जमीनवाल्याची जमिनीप्रमाणे जास्त. गावातली ७५ टक्के घरे आली तरच गाव सामील. अचानकच्या आजाराला भरती मोफत. ठरवून करता येणाऱ्या ऑपरेशनला बिलाचा चौथा हिस्सा भरायचा. (आज त्या भागात ज्वारी शोधावी लागते. सोयाबीनने तिची जागा खाल्ली, उरलीसुरली रानडुकरांनी.)

पण त्या ज्वारीवर दवाखाना चालत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलते, पाव हिस्सा राज्य. ज्वारीने गावाचा हक्क उभा राहिला, जाब विचारायची हिंमत आली. डॉक्टरचा पगार आणि औषधे तिजोरीतूनच यावी लागली. त्या तिजोरीत आपण काही टाकत नाही असे कोणी म्हणू नये. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के लागला, आणि शेतकऱ्याला तो वळता करून घेता येत नाही.

२०२३ साली राज्य सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्व कुटुंबांना लागू करून मर्यादा ५ लाखांवर नेण्याचे ठरवले. चांगले केले. पण ती योजना भरती झालेल्या रोग्याच्या, यादीतल्या उपचारांपुरती. म्हाताऱ्याची रक्तदाबाची रोजची गोळी, पोराचा ताप, बाहेरून आणायला लावलेले सलाईन तिच्यात बसत नाही. आपला खिसा तिथेच फाटतो. विम्याचा पैसा मोठ्या दवाखान्याकडे जातो आणि प्राथमिक केंद्राचे कपाट रिकामे राहते, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडत आहोत: वाढीव पैसा आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. पेरणीपासून वेचणीपर्यंत तिथे सर्पदंशाची लस, विषबाधेवरचा उतारा आणि रात्री मुक्कामाला डॉक्टर हवा. गावाने सुगीत वर्गणी द्यावी की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांनी बैठकीत उठून बोलावे.