सुवर्णसंघ आणि एक पराभव

क्रीडाक्षेत्रात विजेत्यांची नावे चषकावर कोरली जातात आणि उपविजेते काळाच्या ओघात विस्मरणात जातात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. हंगेरीचा फुटबॉल संघ या अनुभवाला ठळक अपवाद ठरला. एक कोटीहून किंचित कमी लोकवस्तीच्या या देशाने विश्वचषक एकदाही जिंकलेला नाही. तरीही जगातील सर्वश्रेष्ठ संघांची गणना सुरू झाली की १९५४ च्या हंगेरियन संघाचे नाव आदराने घेतले जाते. त्या संघाला त्याच्या देशात ‘सुवर्णसंघ’ म्हणतात. या संघाची चढण जितकी उद्बोधक आहे, तितकीच एका पराभवानंतर त्याच्या वाट्याला आलेली वागणूकही विचार करायला लावणारी आहे.

हंगेरीची फुटबॉल संघटना १९०१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १९०२ रोजी, व्हिएन्ना येथे या देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. ऑस्ट्रियाने तो ५-० असा जिंकला. प्रारंभ असा निराशाजनक असला, तरी बुडापेस्टने लवकरच खेळाची स्वतंत्र शैली घडवली. जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाचा त्यात मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बुडापेस्टच्या एमटीके क्लबमध्ये शिकवत असे. चेंडू उंच भिरकावून त्यामागे धावण्यापेक्षा तो जमिनीलगत ठेवावा, आखूड पासांनी पुढे न्यावा आणि ताब्यात घेताना हळुवारपणे थांबवावा, ही त्याची शिकवण होती. मायदेशी फारशी कदर न झालेली ही विद्या डॅन्यूबच्या काठी रुजली.

तिचे पहिले मोठे फळ १९३८ मध्ये दिसले. फ्रान्समध्ये भरलेल्या तिसऱ्या विश्वचषक स्पर्धेत हंगेरीने उपान्त्य सामन्यात स्वीडनला ५-१ असे नमवून अंतिम फेरी गाठली. पॅरिसमधील निर्णायक लढतीत मात्र इटली ४-२ अशी सरस ठरली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले आणि विश्वचषक बारा वर्षे भरलाच नाही.

महायुद्धानंतर हंगेरीत साम्यवादी राजवट आली. गुस्ताव शेबेश हे प्रशिक्षक शासनातही अधिकारपदावर होते. त्यांनी देशातील उत्तम खेळाडू मोजक्याच क्लबांत एकत्र आणले. सैन्याचा होनवेद क्लब त्यांत प्रमुख होता. फेरेन्स पुश्काश, शांडोर कोचिश, झोल्तान चिबोर, योझेफ बोझिक आणि गोलरक्षक ग्युला ग्रोसिच हे एकाच क्लबात वर्षभर खेळत असल्याने त्यांना एकमेकांच्या हालचाली न पाहताही कळत. एमटीकेचा नांदोर हिदेगकुटी त्यांना येऊन मिळाला. त्या काळी नऊ क्रमांकाचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर उभा राहत असे. हिदेगकुटी मात्र मागे सरकून मैदानाच्या मध्यात खेळे. त्याच्यावर पहारा देणारा बचावपटू पेचात पडे. त्याच्यामागे जावे, तर गोलसमोरची जागा मोकळी सुटे. जागेवर थांबावे, तर हिदेगकुटीला चेंडू खेळवायला मोकळीक मिळे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये या संघाने युगोस्लाव्हियाला २-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. याच युगोस्लाव्हियाने त्याच स्पर्धेत भारताचा १०-१ असा पराभव केला होता. हंगेरीच्या खेळाची उंची भारतीय वाचकांना यावरून ध्यानात यावी.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर इंग्लंड आणि हंगेरी आमनेसामने आले. ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरच्या कोणत्याही संघाने तोवर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवले नव्हते. पहिल्या मिनिटातच हिदेगकुटीने गोल केला. त्याने पुढे आणखी दोन गोल केले आणि हंगेरी ६-३ अशी विजयी झाली. इंग्रज शिक्षकाने पेरलेली विद्या हंगेरियन शिष्यांच्या पायांतून इंग्लंडला परत शिकवली गेली. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, बुडापेस्टमध्ये परतीचा सामना झाला. त्यात इंग्लंडला ७-१ अशी हार पत्करावी लागली. इंग्लंडच्या इतिहासातील तो आजही सर्वांत मोठा पराभव आहे.

अशा स्थितीत स्वित्झर्लंडमधील १९५४ चा विश्वचषक हंगेरीचाच, असे सारे जग मानत होते. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाचा ९-० असा आणि दुसऱ्यात पश्चिम जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडाला. मात्र जर्मनीविरुद्धच्या सामन्यात कर्णधार पुश्काशच्या घोट्याला दुखापत झाली. त्याच्याविना हंगेरीने ब्राझीलला ४-२ असे हरवले. नंतर गतविजेत्या उरुग्वेलाही जादा वेळेत तसेच ४-२ असे नमवले. विश्वचषकातील उरुग्वेचा तो पहिलाच पराभव होता.

४ जुलै १९५४ रोजी बर्नच्या वांकडॉर्फ मैदानावर पाऊस कोसळत होता. अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी पुन्हा पश्चिम जर्मनीच होता. पूर्ण बरा न झालेला पुश्काश मैदानात उतरला आणि सहाव्या मिनिटाला त्याने गोल केला. आठव्या मिनिटाला चिबोरने दुसरा गोल केला. पण जर्मनीने अठराव्या मिनिटापर्यंत २-२ अशी बरोबरी साधली. त्यानंतर हंगेरीने हल्ल्यांवर हल्ले चढवले. चेंडू खांबाला लागून परतला, आडव्या दांडीवर आदळला, गोलरक्षकाने थोपवला. आत मात्र गेला नाही. सामना संपायला सहा मिनिटे असताना हेल्मुट रानने जर्मनीचा तिसरा गोल केला. अखेरच्या क्षणी पुश्काशने चेंडू पुन्हा जाळ्यात धाडला. पण रेषापंचाने निशाण उंचावले आणि ऑफसाइड ठरवून तो गोल नाकारण्यात आला. हंगेरी २-३ अशी हरली.

पाच सामन्यांत २७ गोल करून हंगेरी उपविजेती ठरली. एका विश्वचषकात कोणत्याही संघाने केलेल्या सर्वाधिक गोलांचा हा विक्रम आजही अबाधित आहे. एकट्या कोचिशने अकरा गोल केले होते. १९५० ते १९५६ या काळात या संघाने ४२ सामने जिंकले, ७ बरोबरीत सोडवले आणि केवळ एक गमावला. तो एक सामना होता विश्वचषकाचा अंतिम सामना.

हा सामना जर्मनीत ‘बर्नचा चमत्कार’ म्हणून ओळखला जातो. युद्धाने आणि अपराधभावनेने खचलेल्या त्या देशाला त्या विजयाने पुन्हा मान वर करता आली, असे तेथे मानले जाते. बुडापेस्टमध्ये मात्र क्षुब्ध जमाव रस्त्यावर उतरला. ज्या शासनाने खेळाडूंचा प्रत्येक विजय आपल्या व्यवस्थेचा विजय म्हणून मिरवला होता, त्याला आता पराभवाचा धनी हवा होता. परतणाऱ्या संघाची आगगाडी राजधानीपर्यंत न आणता ताता या गावी थांबवण्यात आली. काही महिन्यांनी गोलरक्षक ग्रोसिचवर हेरगिरी आणि देशद्रोहाचा संशय घेण्यात आला. त्याची चौकशी झाली आणि त्याला दीर्घकाळ खेळापासून दूर ठेवण्यात आले. पुरावा काहीच मिळाला नाही. तरीही त्याची रवानगी होनवेदमधून ताताबान्या या खाणकामगारांच्या शहरातील क्लबात झाली. शेबेश यांनाही १९५६ मध्ये पद सोडावे लागले. चार वर्षांचे यश एका सायंकाळी पुसले गेले.

१९५६ च्या शरद ऋतूत हंगेरियन जनतेने राजवटीविरुद्ध उठाव केला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्या वेळी होनवेदचा संघ युरोपियन कपच्या सामन्यासाठी परदेशी होता. बोझिक मायदेशी परतला. पुश्काश, कोचिश आणि चिबोर परतले नाहीत. बंदीचा काळ संपल्यावर पुश्काश माद्रिदच्या रेआल क्लबात दाखल झाला आणि कोचिश व चिबोर बार्सिलोनाकडून खेळू लागले. १९६१ मध्ये युरोपियन कपचा अंतिम सामना बर्नच्या त्याच वांकडॉर्फ मैदानावर झाला. कोचिश आणि चिबोर या दोघांनीही त्यात गोल केले, आणि बार्सिलोना त्याच २-३ या फरकाने हरली.

या उलथापालथीचे पडसाद भारतीय फुटबॉलमध्येही उमटले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला सामना हंगेरीशी ठरला होता. हंगेरीने माघार घेतल्याने भारत न खेळताच पुढे गेला. नंतर मूळ गोव्याच्या आणि मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल करून ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले आणि भारत उपान्त्य फेरीत पोहोचला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत आणि हंगेरी प्रत्यक्ष समोरासमोर आले. हंगेरीला तो सामना केवळ २-१ अशा फरकाने जिंकता आला.

१९५८ च्या विश्वचषकात बोझिक, ग्रोसिच आणि हिदेगकुटी पुन्हा खेळले, पण जुने तेज उरले नव्हते. उठावाच्या काळातील पंतप्रधान इम्रे नॉज यांना १६ जून रोजी फाशी देण्यात आली. दुसऱ्याच दिवशी स्वीडनमधील जवळजवळ रिकाम्या मैदानात वेल्सने हंगेरीला २-१ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. तरीही खेळाची परंपरा तुटली नाही. १९६२ आणि १९६६ च्या विश्वचषकांत संघ उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला. १९६६ मध्ये त्याने गतविजेत्या ब्राझीलला ३-१ असे हरवले. १९६४ मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला. १९६४ आणि १९६८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकेही आली. १९६७ मध्ये फ्लोरियान आल्बेर्त युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

त्यानंतर उतरण लागली. १९८२ च्या विश्वचषकात हंगेरीने एल साल्वादोरला १०-१ असे हरवले आणि तरीही ती पहिल्याच फेरीत बाद झाली. १९८६ मध्ये सोव्हिएत संघाने तिचा ६-० असा पराभव केला. त्या स्पर्धेनंतर हंगेरी विश्वचषकात दिसलेली नाही. १९९७ मधील पात्रता लढतीत तर युगोस्लाव्हियाने दोन सामन्यांत मिळून १२-१ अशी मात केली. घरोघरी आजोबा नातवंडांना वेम्बलीची गोष्ट सांगत राहिले, आणि प्रत्येक नव्या संघाची तुलना त्या जुन्या छायाचित्राशी होत राहिली.

२०१६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांच्या खंडानंतर, हंगेरी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेस पात्र ठरली. ऑस्ट्रियाला हरवून, आइसलंड आणि पोर्तुगालशी बरोबरी साधून तिने गटात पहिले स्थान मिळवले. चाळीस वर्षांचा गोलरक्षक गाबोर किराय आपल्या ढगळ करड्या पायजम्यात या संघाचा लाडका चेहरा बनला. पुढच्या फेरीत बेल्जियमने ४-० असे हरवले; तरीही समर्थकांनी खेळाडूंचे कौतुकच केले. जून २०२२ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्याच्याच भूमीवर ४-० असे नमवले. त्यानंतरही चढउतार चालूच आहेत. २०२६ च्या विश्वचषकाचे दार नोव्हेंबर २०२५ मध्ये बुडापेस्टमध्ये आयर्लंडने अखेरच्या क्षणी केलेल्या गोलाने बंद झाले.

पुश्काश १९८१ मध्ये पहिल्यांदा मायदेशी परतला. ज्या मैदानावर इंग्लंडला सात गोल बसले होते, त्याला २००२ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. २००६ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा बुडापेस्टच्या मुख्य चर्चमध्ये राष्ट्रीय सन्मानाने त्याला चिरविश्रांती देण्यात आली. ८५ सामन्यांत ८४ गोल करणाऱ्या या खेळाडूला देशाने अखेर जवळ घेतले. पण त्याला अर्धे शतक जावे लागले.

बर्नच्या त्या सायंकाळी हंगेरीचे खेळाडू हरले, यात नवल नाही. खेळ म्हटला की हार आलीच. नवल याचे, की बेचाळीस विजयांनी मिळवलेला विश्वास एका हारीने नाहीसा झाला. हे केवळ राजवटींच्या बाबतीत घडते असे नाही. वर्षानुवर्षे उत्तम गुण मिळवणारा मुलगा एका परीक्षेत मागे पडतो, सचोटीने चाललेला व्यवसाय एका हंगामात तोट्यात जातो, आणि घरातले वातावरण बदलते. आजवरचे सारे विसरून त्या एकाच आकड्यावर माणसाची किंमत ठरू लागते. ज्या दिवशी आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवशी गाडी आडगावी थांबवली जाते.

हरलेल्या माणसाला सन्मान देण्यासाठी अर्धे शतक थांबण्याची गरज नसते. तो ज्या दिवशी मान खाली घालून परततो, त्याच दिवशी त्याच्यासाठी कोणीतरी स्थानकावर उभे असावे, एवढे पुरेसे असते.