कर्ज कुणाचे, कात्री कुणाला?

वर्तमानपत्रांत अधूनमधून एक आकडा छापून येतो. महाराष्ट्रावर इतके लाख कोटी कर्ज, म्हणजे माणशी इतके हजार. 2025 च्या अर्थसंकल्पात मार्च 2026 अखेरचे राज्याचे कर्ज सुमारे 9 लाख 32 हजार कोटी रुपये धरले होते. 2011 च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकांत ते वाटले, तर माणशी सुमारे 83 हजार येतात. पाथर्डीच्या ऊसतोड मजुराच्या कोपीत जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर तेवढेच, आणि साखर कारखान्याच्या चेअरमनच्या नातवाच्या डोक्यावरही तेवढेच!

आमच्या भगिनी विचारतात, "हे कर्ज आम्ही कधी घेतलं?" प्रश्न भाबडा वाटेल, पण सगळा हिशेब त्याच्यापासूनच सुरू होतो.

आमचा पेशा कारकुनाचा. नावे आणि जमा, दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय आम्ही खाते बंद करत नाही. कर्ज काढणे हे मुळात पाप नव्हे. धरण, शाळा, दवाखाना यांसाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते. पण भागाकार करून माणशी आकडा सांगणारे खात्याची एकच बाजू दाखवतात. पैसा कुणाच्या दारी गेला, ही दुसरी बाजू झाकलेलीच राहते.

ही लबाडी जुनी आहे. 1858 साली ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपले, तेव्हा तिचे कर्ज हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकले गेले. 1857 चा उठाव दडपण्याचा खर्चही आपल्याच माथी मारला. इतकेच नव्हे, कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश 1874 पर्यंत आपल्याच महसुलातून मिळत राहिला. या कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर बाबासाहेबांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. चा प्रबंध लिहिला. सरकारी तिजोरीचा हिशेब हा आपला विषय आहे, हे त्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी ओळखले होते. आपण मात्र तो मोठ्या लोकांचा विषय म्हणून सोडून देतो.

1991 आठवा. आयातीसाठी लागणारे परकीय चलन संपत आले होते. मे महिन्यात 20 टन सोने परदेशी बँकेला दिले, जुलैमध्ये आणखी 47 टन इंग्लंड-जपानकडे तारण ठेवले. रुपयाची किंमत उतरवली. 24 जुलैच्या अर्थसंकल्पात खतांचे भाव 40 टक्क्यांनी चढवले, ओरड झाल्यावर वाढ 30 टक्क्यांवर आणली. रेशनची साखरही महागली. परदेशी कर्जाच्या करारावर आमच्या वस्तीतल्या कुणाची सही नव्हती. तरी चहात साखर कमी झाली ती आमच्याच घरी.

पुढे 1997 साली सरसकट रेशन बंद झाले आणि दारिद्र्यरेषेखालचे व वरचे अशी वाटणी झाली. महाराष्ट्रात पिवळ्या कार्डासाठी वर्षाला 15 हजारांची मर्यादा आली. आता गणित करा. नवरा-बायकोने रोज 25-25 रुपये मिळवले, तरी 300 दिवसांत 15 हजार होतात. एवढ्या कमाईवर जे घर तरत होते, ते मर्यादेच्या काठावर आले! काटकसर ही अशी चालते. कुणाला उघडपणे नाही म्हणायचे नाही, फक्त रेघ थोडी सरकवायची.

शिष्यवृत्तीचेही तेच झाले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, 1944 मध्ये सुरू झालेली ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. 2017 नंतर केंद्राने जवळजवळ सारा भार राज्यांवर ढकलला. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के असे ठरले. मधली वर्षे कुणी सोसली? शेवगावकडच्या एका ऊसतोड कुटुंबातील मुलीची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, म्हणून कॉलेजने तिचा दाखला अडवला. आईने उचल घेतली आणि पुढच्या हंगामात ती फेडायला मुलगीही कोयता घेऊन गेली. सरकारचे काही हजार वाचले. ते कर्ज त्या घराच्या खात्यावर चढले, व्याजासकट. हा आकडा मात्र कोणत्याही अर्थसंकल्पात छापला जात नाही.

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणीच्या 1500 रुपयांवर आमचा आक्षेप नाही, त्या आमच्याही बहिणी आहेत. पण बहिणीला द्यायचे ते तिच्याच मुलाच्या वसतिगृहातून काढून, ही कसली भाऊबीज?

मग करायचे काय? घटनेच्या 293 व्या कलमाप्रमाणे राज्याच्या कर्जावर कायद्याने मर्यादा घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. म्हणजे जबाबदारी आमदारांची, आणि आमदार आपल्या मतांवर निवडून येतात. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी इतरत्र वळवता येऊ नये, यासाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्ये कायदे केले. कायद्याने सारेच साधते असे नाही, पण जाब विचारायला आधार मिळतो. महाराष्ट्रातही ही मागणी जुनी आहे. यंदा मत मागायला येणाऱ्याला प्रत्येक वस्तीने तीन प्रश्न विचारावेत : उपयोजनेत किती रक्कम ठेवली, किती खर्च झाली, किती वळवली? माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर ही माहिती मागता येते. बारावी शिकलेली मुलगी घरात असेल, तर अर्ज तिच्या हातून लिहून घ्या.

फेडायचे आपल्याला असेल, तर वही तपासण्याचा हक्कही आपलाच आहे.

जयभीम!