भाद्रपदातील पहाट आणि जानेवारीची शर्यत

२००४ साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते, आणि त्या सकाळी ज्या उत्साहाचे सर्वत्र गुणगान होते तो कितीही खरा असला, तरी ४२.१९५ किलोमीटर धावण्याची पात्रता अंगी येण्यास चार-पाच महिन्यांचा अभ्यास लागत असल्याने, त्याचा आरंभ करावा लागतो तो श्रावण-भाद्रपदात, जेव्हा आदल्या दिवशीचे बूट वाळलेले नसतात आणि पहाटे साडेचारचा गजर बंद करताना बाहेर पावसाची झड ऐकू येत असते.

अशा पहाटे माणूस केवळ मनोनिग्रहाच्या बळावर उठतो, ही समजूत मला भाबडी वाटते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी पाच वाजता कोणीतरी आपली वाट पाहत भिजत उभे असेल, ही भीड पुष्कळदा संकल्पापेक्षा बलवत्तर ठरते. गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांतून वाट काढीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात रविवारची लांब धाव तीस किलोमीटरांपर्यंत नेणारे बहुतेक लोक कोणत्या ना कोणत्या मंडळींबरोबर धावत असतात, हा काही योगायोग नव्हे. तिसाव्या किलोमीटरनंतर शरीरात साठविलेली शर्करा सरत येते, पाय जड होतात, आणि मुंबईच्या शर्यतीत नेमका त्यानंतर पेडर रोडचा चढ येतो. म्हणून जाणते धावपटू आधीच कित्येक रविवारी त्या चढावर जाऊन, थकल्या पायांनी तो पुनःपुन्हा चढून, त्याची भीती मोडून घेतात.

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांची जिद्द निर्विवाद होती. परंतु ती तिथवर पोचली, कारण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने पुढाकार घेतला आणि दोराबजी टाटांनी द्रव्यसाहाय्य केले. व्यक्तीच्या निश्चयाला समाजाने असा हात द्यावा लागतो, हे आपण त्या काळी जाणत होतो.

आज मात्र शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद, पाणी तयार, डॉक्टर हजर असा चोख बंदोबस्त ठेवणारा आपला कारभार ऑगस्ट ते डिसेंबरच्या पहाटेविषयी उदासीन राहतो. पदपथ उखडलेले, दिवे विझलेले आणि सार्वजनिक शौचालयांना कुलूप, ही स्थिती पुरुषांना गैरसोयीची असेल, पण एकट्या धावणाऱ्या स्त्रीला ती घरी बसविते; आणि मग तिने चार रविवार चुकविले की तिची चिकाटी कमी पडली, असे आपण खुशाल म्हणतो. हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्यास फार मोठी तजवीज लागत नाही. प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीतील एक बऱ्यापैकी लांब रस्ता रविवारी पहाटे पाच ते आठ वाहनांना बंद ठेवावा, त्यावरील दिव्यांची आदल्या संध्याकाळी पाहणी करावी, आणि शौचालये साडेचारला उघडण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपवावी. तसा हुकूम पुढच्या पावसाळ्यापूर्वी निघाला पाहिजे.