हजाराच्या आत, स्टेशनजवळ

तासगावहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे आमच्या हिचे मावसभाऊ. बेदाण्याच्या भावावरून माझ्याशी अबोला धरणारे तात्या या सदराच्या वाचकांना आठवत असतील. तो अबोला सुटल्याची बातमी मला या फोननेच कळली. “दाजी, मंत्रालयात जरा काम निघालंय. चौघं जण येतोय, दोन रात्री. तेवढं एखादं लॉज बघून ठेवा की. हजाराच्या आत बसलं पाहिजे, स्टेशनच्या अंगाला असावं, स्वच्छ असावं, आणि संडास आत पाहिजे.”

लॉज! गेली कित्येक वर्षं मी याच जागेवरून पाहुण्यांच्या नावानं खडे फोडत आलो आहे. दारावर वाळत घातलेले ओले टॉवेल, पहाटे साडेचारला घसा साफ करणारे काका, ‘आलोच आहोत तर राणीची बाग बघूनच जाऊ’ म्हणत दोनाचे चार दिवस करणाऱ्या मावशी. आता कुणी आपण होऊन लॉजवर उतरतो म्हणाला तर मी पेढे वाटायला हवे होते. पण फोन ठेवला आणि डोकंच फिरलं. अभ्युदयनगरात हक्काचं घर असताना लॉज? आमच्या दोन खोल्यांत अख्खी वऱ्हाडं झोपून गेली आहेत. मधल्या खोलीत पाय टाकायला जागा नसायची आणि कुणी उठून पाणी प्यायला निघालं की चार जणांच्या तोंडून ‘आई गं’ निघायचं. तेव्हा नाही कुणाला संडास आत लागला!

“तुम्हीच लिहिता ना पेपरात?” ही कणीक मळता मळता म्हणाली. “तात्या वाचतात तुमचं.”

यावर बोलण्यासारखं काही नसल्यामुळे मी मोबाइल घेऊन बसलो.

‘कॉटन ग्रीन’ एवढं टाइप केलं की अ‍ॅप क्षणभर विचारात पडतं. मग भायखळा, परळ, दादर, मस्जिद करत करत ते पार अंधेरीला पोचतं आणि तिथल्या हॉटेलापुढेही ‘तुमच्या ठिकाणाजवळ’ असं लिहितं. कॉटन ग्रीनला उतरण्याजोगं हॉटेल का नाही, हे स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समजतं. या भागात मुंबईनं सोय केली ती माल उतरवायची. कापसाचा बाजार पूर्वी कुलाब्याला भरायचा. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तो इकडे शिवडीच्या अंगाला, बंदराच्या जमिनीवर आणला, कॉटन एक्स्चेंजची इमारत उठली, गोदामांच्या रांगा लागल्या. कापसाच्या गासड्या या भागात ऐसपैस राहायच्या. त्यांच्याकडे कुणी आधार कार्ड मागितल्याचं ऐकिवात नाही.

अ‍ॅपवाल्यांचा दुसरा गैरसमज असा की नकाशावर जवळ ते जवळ. दादरचं हॉटेल कॉटन ग्रीनपासून चार किलोमीटर, हे खरं. पण आमची हार्बर लाइन दादरला जातच नाही. रे रोड, डॉकयार्ड रोड, सॅन्डहर्स्ट रोड, मस्जिद आणि सीएसएमटी, असं मंत्रालयाच्या दिशेनं सरळ जाता येतं. दादरला मात्र कुर्ल्याला जाऊन गाडी बदला, नाहीतर काळाचौकीला बसची वाट पाहा. “रिक्षा करू की,” तात्या म्हणाले. शहरात रिक्षा नसते, हे सांगलीकडच्या माणसाला पटवून देणं फार कठीण. त्यांना वाटतं आपण पैसे वाचवायला खोटं बोलतोय.

हजाराच्या आत, या अटीमागेही एक जुना हिशेब आहे. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. जुलै 2022 पासून त्या खोल्यांनाही 12 टक्के लागला आणि सप्टेंबर 2025 मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर 5 टक्के झाला. म्हणजे तात्यांच्या डोक्यातली हजाराची रेघ सरकारनं कधीच पुसली आहे. शिवाय हे हजार माणशी की खोलीला, हे विचारायला मी धजावलो नाही. माणशी असेल तर जमण्यातलं होतं आणि खोलीला असेल तर पुन्हा अबोला.

पण किमतीहून माझं खरं भांडण आहे ते वेळेशी. महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगली-मिरजेच्या माणसाला सकाळी सातच्या सुमारास मुंबईत आणून सोडते. कोकणकन्या त्याहून आधी. रात्रभर गाडीत अवघडून आलेल्या माणसाला सकाळी सात वाजता जगात तीनच गोष्टी हव्या असतात, आणि त्या तिन्हींसाठी खोली लागते. खोली मिळणार बारा वाजता, काही ठिकाणी दोनला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला रिकामी करायची. मंत्रालयात जायचं तर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून जायला हवं. तो सदरा कुठं घालायचा? आमच्या लहानपणी लॉजवर पाटी असायची, ‘चोवीस तास’. ज्या वेळी उतराल त्या वेळेपासून चोवीस तास. इतकी सरळ पद्धत मोडून त्या जागी बाराचा ठोका आणणाऱ्या गृहस्थाला एकदा रात्रीच्या गाडीनं मिरजेहून आणलं पाहिजे.

मुंबई सेंट्रलला रेल्वेनं नोव्हेंबर 2021 मध्ये पॉड हॉटेल उघडलं, 48 पॉड, बारा तासांना 999 रुपये असा तेव्हाचा दर. झोपायला एक खण, दिवा, चार्जिंगची सोय. हजाराच्या आत, स्टेशनजवळ कशाला, स्टेशनातच! मी उत्साहानं तात्यांना फोटो धाडला. तासाभरानं उत्तर आलं : “दाजी, आमच्या शेडवर बेदाणा असाच टाकत्यात रॅकवर.”

शेवटी मी प्रत्यक्ष बघायला गेलो. भायखळ्याच्या बाजूला, एका जिन्याच्या तोंडाशी पाटी, वर दुसऱ्या मजल्यावर गल्ला. गल्ल्यामागे चाव्यांची फळी, प्रत्येक चावीला पितळी बिल्ला, आणि त्यावरचा आकडा इतका झिजलेला की मॅनेजर बोटानं चाचपून सांगत होता. खोली दाखवली. फोटोत ज्या खोलीत लेझीम खेळता आलं असतं, तिच्यात पलंगाला वळसा घालताना पोट आत घ्यावं लागत होतं. एक भिंत विटांची आणि दुसरी प्लायवूडची. पलीकडचा माणूस फोनवर कुणाला तरी ‘मी अजून कर्जतलाच आहे’ असं सांगत होता. खिडकी होती, ती उघडली की समोर पाइप. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबर बँड लावून ठेवलेला. संडास आत होता, म्हणजे इतका आत की दार लावायला आधी बादली बाहेर काढायची. चादर मात्र पांढरीस्वच्छ होती, फिनेलचा वास ताजा होता आणि मॅनेजर मघापासून माझ्याशी अदबीनं वागत होता, त्यामुळे मी अर्धाअधिक विरघळलो होतो.

“आयडी मुंबईचं चालणार नाही हं,” तो म्हणाला. मी सांगितलं, पाहुणे तासगावचे आहेत. “चौघं एका खोलीत नाही. तिघं. एक्स्ट्रा गादीचे वेगळे.” तेही ठीक. मग आवाज जरा खाली आणून त्यानं विचारलं, “पेशंट नाही ना कोणी? टाटाचं? मालक नको म्हणतात.”

मी आगाऊ रक्कम न देताच जिना उतरलो.

टाटा रुग्णालय परळला 1941 पासून आहे. आसाम, बंगाल, विदर्भ, खानदेश, कुठून कुठून माणसं येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. मुंबईत स्वस्तातली खोली जिवाच्या आकांतानं कुणी शोधत असेल तर ती ही माणसं. परळच्या फुटपाथवर एक्स-रेच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि बसमधून मान फिरवली आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, आणि आमच्या कॉटन ग्रीनमध्येही पोर्ट ट्रस्टच्या जुन्या पडीक इमारती नीट करून कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या लहान मुलांची आणि त्यांच्या आईबापांची सोय झाली आहे. म्हणजे गोदामांच्या या वस्तीत माणसांना उतरायला जागा झाली ती अशी. अ‍ॅपवर ती दिसत नाही.

पण लॉजवाल्या मालकाला एकट्याला कशाला बोल लावायचा? 2021 मध्ये म्हाडाच्या लालबाग-करी रोड भागातल्या इमारतींतली शंभर घरं टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांना द्यायचं ठरलं. चाव्या देण्याचा कार्यक्रमही झाला. मग तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती आली आणि भोईवाड्यातली दुसरी जागा पुढे आली. सोय झाली, हे चांगलंच. पण हरकत घेतली कुणी? लालबागनं! ज्या लालबाग-परळात एकेका खोलीत गावंच्या गावं राहून गेली, त्या लालबागनं.

नव्या पिढीला सांगायला हवं म्हणून लिहितो, जुन्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. बैठकीची खोली म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली. रत्नागिरीचं एखादं गाव, नाहीतर साताऱ्याकडचं, जुन्नरकडचं. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी, वर दोरीवर कपडे. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, म्हणून झोपही तीन पाळ्यांत. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. जेवण खानावळवालीकडे, महिन्याच्या हिशेबानं. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गावाहून कुणीही आलं, कोर्टकचेरीला, दवाखान्याला किंवा नुसतंच पळून, तर त्याला पत्ता एकच माहीत असायचा. दार ठोठवायचं आणि गावाचं नाव सांगायचं. कुणाचा कोण एवढं जुळलं की वळकटी पसरायला हातभर जागा निघायची. सकाळी सातला आलेल्याला कुणी बारापर्यंत थांबायला सांगितलं नाही.

गोवेकरांचं तर आणखी पद्धतशीर. धोबीतलावला जेर महालात आणि माझगावकडे त्यांचे कूड. गावागणिक एक, दारावर गावाचं नाव. बोटीवर नोकरी करणारे पुरुष दोन सफरींच्या मधे तिथं राहायचे. तिथंही भिंतीला ट्रंका, एका बाजूला देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्साची प्रार्थना, आणि ती चुकवली तर दंड करणारे कूडही होते म्हणतात. भाडं ऐकून आजचा लॉजवाला खुर्चीवरून पडेल. माझे वडील गोदीत होते. त्यांचा एक पेडण्याचा मित्र कुडातून आमच्याकडे जेवायला यायचा आणि जाताना न चुकता म्हणायचा, तेर्साच्या आत पोचायला हवं. सहा फुटी माणूस, समुद्रावर वादळं बघितलेला, पण कुडाच्या चिटणिसाला घाबरायचा. वडील त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला जात आणि दोघे मिळून तिथंही तासभर उभे राहत. मग दंड व्हायचाच.

आणि ज्यांना वर्गणीची खोली नको, त्यांच्यासाठी नावाजलेली लॉजही होतीच. गिरगावात माधवाश्रम. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह तर इतिहासातच गेलं. लोकमान्य मुंबईत आले की तिथं उतरत, आणि 1 ऑगस्ट 1920 ला त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. “टिळकसुद्धा लॉजवरच उतरायचे,” असं मी हिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “टिळकांचा मेहुणा पेपरात पाहुण्यांबद्दल लिहीत नव्हता.”

परवा लालबागला एका मित्राकडे गेलो होतो. चाळ गेली, त्या जागी टॉवर आला, मित्र तेविसाव्या मजल्यावर गेला. फाटकाशी माझा फोटो काढला, नंबर घेतला, वर फोन लावला, मित्र आंघोळीला गेलेला. फलकावर नियम होता : रात्री मुक्कामी पाहुणा असल्यास सोसायटीला पूर्वसूचना द्यावी. वॉचमन पोरगेलाच होता, गोरखपूरकडचा. मित्राची आंघोळ संपेपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. राहतो कुठे, तर शिवडीत, एका खोलीत, अकरा जण, सगळे एकाच गावचे. निम्मे दिवसपाळीचे, निम्मे रात्रपाळीचे. गावाकडून नवीन कुणी आला की पहिला महिना त्याच्याकडून भाडं घेत नाहीत, काम लागलं की द्यायचं. जेवण? एका भाभीकडे, महिन्याचे ठरलेले. मला इतका आनंद झाला की मी त्याला बैठकीच्या खोलीचा सगळा इतिहास गिरण्यांपासून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला.

मग म्हणाला, “और आपका गाँव कौन-सा है, अंकल?”

“कॉटन ग्रीन,” मी म्हटलं.

“वो तो स्टेशन है,” तो म्हणाला आणि आत येणाऱ्या गाडीसाठी फाटक उघडायला गेला.